ई-रिक्षा: ४८ चे १२ व्होल्ट घरी करताना कन्व्हर्टर जळला

बडनेरा_रिक्षा
नमस्कार मंडळी. माझ्या ई-रिक्षात १२ व्होल्टच्या चार लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये आहेत. त्या ४८ चे लाइट-हॉर्नसाठी १२ व्होल्ट करणारा मूळ कन्व्हर्टर गेला म्हणून बाजारातून एलएम२५९६ या व्होल्टेज उतरवणाऱ्या चिपचं छोटं मॉड्यूल आणून लावलं. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी रात्रभर चार्जिंग झाल्यावर सकाळी चावी फिरवली, तर सीटखाली फट्कन आवाज आणि धूर. दोन्ही हेडलाइट गेले, चार्जिंगला लावलेला मुलीचा मोबाइलही गेला. त्यावरच ती अभ्यास करायची.

स्टँडवरचे सांगतात, शेवटच्या बॅटरीवरूनच १२ व्होल्ट काढ. काढू का? की नीट कन्व्हर्टर बनवता येईल? आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे, सोल्डरिंग येतं. हॉर्न, लाइट, चार्जिंग मिळून लोड ५ अँपिअर.

जळगाव_रिपेअर_काका
मुलीच्या मोबाइलचं ऐकून वाईट वाटलं रे. एका बॅटरीवरून मात्र मुळीच काढू नकोस. असं केलेली रिक्षा माझ्या दुकानात आली होती: तीन बॅटऱ्या १२.७, चौथी ११.४. चार्जर चौघींतून सारखाच करंट सोडतो आणि बघतो फक्त एकूण व्होल्टेज. जिच्यावर जास्त भार, ती रोज अर्धवट भरते, तिच्या प्लेटांवर सल्फेट बसतं. बाकीच्या तिघी जास्त चार्ज होऊन पाणी उकळवतात. शेवटी सगळा सेट बदलावा लागला.

आता जळलं का ते. ४८ हे नावाचं. चार्जिंगच्या शेवटी सेट ५७-५८ पर्यंत जातो आणि एलएम२५९६ ची मर्यादा ४० आहे. दोन दिवस टिकला हेच नवल. आतला स्विच शॉर्ट झाला की बॅटरीचं सगळं व्होल्टेज थेट १२ च्या लाइनवर येतं. तुझे लाइट त्यानेच गेले.

बनवायचाच असेल तर टीएल४९४ (स्विचिंग सांभाळणारा कंट्रोल आयसी) घे. त्याला थेट बॅटरी देऊ नको, १५ व्होल्टच्या झेनरवर (ठरावीक व्होल्टेज धरून ठेवणारा डायोड) चालव. त्याचं आउटपुटही ४० च्या वर सोसत नाही, म्हणून मॉस्फेटच्या गेटकडे जाताना मधे एमपीएसए४२ हा जास्त व्होल्टेज सोसणारा ट्रान्झिस्टर घाल. मॉस्फेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारा मुख्य स्विच, आयआरएफ९५४०; त्याच्या गेट आणि सोर्स या पायांमध्ये १२ व्होल्टचा झेनर. डायोड एमबीआर२०१००. इनपुटचा कॅपॅसिटर १०० व्होल्टचाच, ६३ चा नको.

कॉइल १०० मायक्रोहेन्री. ५० किलोहर्ट्झला तेवढी पुरते, करंट साधारण २ अँपिअरने वरखाली होईल. कॉम्प्युटरच्या जुन्या पॉवर सप्लायमधली पिवळी-पांढरी रिंग चालेल, पण फ्रिक्वेन्सी वाढवू नको, ती तापते.

खरं महत्त्वाचं पुढे आहे. आउटपुटच्या प्लस-मायनसमध्ये टीवायएन६१२ एससीआर (गेटला इशारा मिळताच चालू होऊन तसाच राहणारा स्विच) आडवा लाव, त्याच्या गेटला १५ व्होल्टचा झेनर. मॉस्फेट शॉर्ट झालाच तर एससीआर लाइन खाली पाडतो आणि इनपुटचा फ्यूज उडतो. पूर्ण लोडलाही इनपुटला दीड अँपिअरच लागतो, म्हणून ३ अँपिअरचा फ्यूज घे. गाडीचा साधा पात्याचा फ्यूज नको, त्यावर ३२ व्होल्ट छापलेलं असतं. ५८ व्होल्टचा शोधून आण.

नाशिक_ईव्ही
काकांचं बरोबर आहे. पण घाई असेल तर ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटेड कन्व्हर्टर विकत घे. त्यात मॉस्फेट गेला तरी बॅटरी थेट पुढे येत नाही. इनपुट रेंज मात्र ६० च्या वरपर्यंत आहे ना, ते बघ.

जळगाव_रिपेअर_काका
हेही खरं. टेस्ट करायला जमणार नसेल तर विकतच घे.

बडनेरा_रिक्षा
काका, बनवला. आधी एससीआर तपासला: बॅटरी न जोडता आउटपुटला दुसरा सप्लाय दिला, मधे इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब. व्होल्टेज हळूहळू वाढवलं. १५ पर्यंत बल्ब बंद, १५.८ ला एकदम लख्ख पेटला. तीनदा केलं, तिन्ही वेळा तसंच.

मग रिक्षावर. फुल चार्जला बॅटरी ५७.४, आउटपुट १२.२. लाइट लावून तासभर ठेवला, कॉइल हाताला सोसवेल इतकीच गरम. हॉर्न दाबला की मात्र लाइट किंचित मंद होतात, ११.३ दिसतं.

जळगाव_रिपेअर_काका
शाब्बास! मंद होतात ते हॉर्न एकदम करंट ओढतो म्हणून. आउटपुटला २५ व्होल्टचा २२०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर घाल आणि हॉर्नच्या टोकांवर उलटा डायोड लाव. उन्हाळ्यात सीटखाली भट्टी होते, हीट सिंक मोठा ठेव आणि एप्रिलमध्ये पुन्हा हात लावून बघ.