डेव्हिल्स लेक (विस्कॉन्सिन): आजी-आजोबा आणि लहान मुलं घेऊन दोन रात्री, कसं जमवावं?

पाणपोई
नमस्कार मंडळी. जुलैमधल्या एका वीकएंडला शिकागोहून डेव्हिल्स लेक स्टेट पार्कला जायचा बेत आहे. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार. दोन कुटुंबं मिळून आठ जण: चार मोठे, ४ आणि ९ वर्षांची दोन मुलं, शिवाय पुण्याहून आलेले आई-बाबा. बाबांचे गुडघे दुखतात आणि रात्री सी-पॅप मशीन (झोपेत श्वास सुरळीत ठेवणारं) लागतं. आई चालायला ठणठणीत. तंबू आणि दोन बर्नरची शेगडी आहे. कुठलं कॅम्पग्राउंड घ्यावं, बाबांना काय बघता येईल, पाणी मुलांसाठी कसं आहे? जेवण शक्यतो तिथेच करायचं आहे.

रानवाटा
आधी बुकिंग. विस्कॉन्सिनच्या स्टेट पार्कांचं कॅम्पिंग ११ महिने आधी खुलं होतं आणि इथल्या जुलैतल्या शुक्र-शनिवारच्या जागा हातोहात जातात. आत्ता काही दिसत नसेल तर रद्द झालेल्या जागांवर डोळा ठेवा. पावसाचा अंदाज आला की लोक पटापट सोडतात. एका जागेवर किती माणसं, किती गाड्या चालतात ते त्या जागेच्या पानावर वाचा. आठ जणांना शेजारशेजारच्या दोन जागा घेतलेल्या बऱ्या.

तिन्ही कॅम्पग्राउंड तळ्याच्या उत्तरेला आहेत. क्वार्टझाइट उत्तर किनाऱ्याच्या सगळ्यात जवळ, पण बरंचसं उघडं, दुपारी सावलीची बोंब. आइस एज दाट झाडीत, निवांत, पण तळ्यापासून सगळ्यात लांब. नॉर्दर्न लाइट्स मधलं. सी-पॅपसाठी वीज हवी, म्हणून क्वार्टझाइट किंवा नॉर्दर्न लाइट्समधली विजेची जागाच घ्या. विजेचा खांब जागेच्या कडेला असतो, तेव्हा बाहेर वापरायची तीन पिनांची २५ फुटी वायर बरोबर असू द्या आणि तंबूत जोड जमिनीवर न ठेवता खुर्चीवर ठेवा. तंबूच्या तळाशी पहाटे दव साचतं.

जागेच्या भाड्यात गाडीचा प्रवेश धरलेला नसतो. प्रत्येक गाडीला वेगळं स्टिकर लागतं आणि इलिनॉयच्या नंबरप्लेटला दर जास्त पडतो.

आता खरा मुद्दा. शनिवारी सकाळी दहा-अकरानंतर किनाऱ्यांवरचे पार्किंग लॉट भरतात आणि गेटबाहेर रांग लागते. उत्तर आणि दक्षिण किनारा गाडीने वळसा घालून जोडलेले आहेत, म्हणून दुपारी “जरा पलीकडे जाऊन येऊ” म्हणालात की इकडची जागा गेली आणि तिकडे मिळत नाही. एका दिवशी एकच किनारा धरा. शनिवारी उत्तर किनारा, तोही कॅम्पवरून चालत. रविवारी तंबू उतरवून नऊच्या आत दक्षिण किनारा.

एक गोष्ट बुकिंगच्या पानावर कुणी लिहीत नाही: तळ्याच्या पूर्वेच्या काठाने मालगाडीचे रूळ जातात. रात्री भोंगा वाजतो आणि दोन्हीकडच्या कड्यांमुळे तो चांगलाच घुमतो. कानात घालायचे बोळे सगळ्यांसाठी घ्या.

उंबरठा
वरच्याशी सहमत, पण बाबांना तंबूत झोपवावं का, याचा पुन्हा विचार करा. पार्कात भाड्याच्या केबिन नाहीत. बाराबू गावात मोटेल आहेत, गाडीने थोड्याच अंतरावर. गुडघे दुखणाऱ्या माणसाला झोपण्यापेक्षा जमिनीवरून उठणं जड जातं, तेही रात्री दोनदा. तंबूच हवा असेल तर आत उभं राहता येईल असा घ्या आणि १६ ते १८ इंच उंचीची घडीची खाट ठेवा. हवेची गादी पहाटेपर्यंत बसते, कारण रात्री आतली हवा गार होऊन आकसते. स्वच्छतागृहाच्या अगदी दाराशी जागा घेऊ नका. रात्रभर दिवा आणि दार आपटण्याचा आवाज. दीड-दोनशे फुटांवरची बरी.

बघण्याबद्दल. तळ्याच्या दोन्ही बाजूंना क्वार्टझाइट नावाच्या गुलाबी-जांभळ्या खडकाचे सुमारे ५०० फूट उंच कडे आहेत. हिमयुगातल्या हिमनदीने आणलेल्या दगडमातीच्या राशींनी दरीची दोन्ही तोंडं बुजली आणि मध्ये तळं झालं. हे सगळं खालूनही छान दिसतं, त्यासाठी चढायलाच हवं असं नाही. बाबांसाठी दक्षिण किनाऱ्याची लाकडी पायवाट. पश्चिम काठाची टम्बल्ड रॉक्स वाट साधारण एक मैलाची आणि जवळपास सपाट आहे, पण मोठाल्या दगडांच्या राशीतून जाते. काठी घेऊन अर्धा मैल जाऊन परतायचं.

आई आणि ९ वर्षांच्या मुलाला कड्यावर जायचं असेल तर उत्तरेकडून ईस्ट ब्लफ वुड्स वाट धरा, चढ हळूहळू आहे. कड्यावर जाणारी बॅलन्स्ड रॉकची वाट नकाशात अर्धा मैलसुद्धा दिसत नाही, म्हणून लोक फसतात. ती म्हणजे जवळजवळ सलग दगडी पायऱ्या आणि पायऱ्यांची उंची कधी सहा इंच, कधी सोळा. चढताना एक वेळ ठीक, उतरताना गुडघ्यांची वाट लागते. पाऊस पडून गेल्यावर तिकडे फिरकूच नका. हजारो बुटांनी घासून हा दगड काचेसारखा गुळगुळीत झाला आहे. वर कठडे नाहीत, ४ वर्षांच्या मुलाला नेऊ नका.

पाणपोई
वा, खूपच उपयोगी. मोटेलचं घरात बोलते. पाण्याचं आणि जेवणाचं कुणी सांगेल का? अंगाला खाज सुटते असं ऐकलं.

पाणकोंबडा
खरं आहे, त्याला स्विमर्स इच म्हणतात. पाणपक्ष्यांमधल्या एका परजीवीची सूक्ष्म पिल्लं गोगलगायींतून पाण्यात येतात आणि चुकून माणसाच्या कातडीत शिरतात. तिथेच मरतात, पण पुरळ उठतं. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. काठाजवळच्या उथळ, कोमट, शेवाळी पाण्यात त्रास जास्त, म्हणजे नेमकी लहान मुलं डुंबतात तिथे. उपाय एकच: पाण्यातून बाहेर आल्या आल्या टॉवेलने खसखसून पुसा. अंग उन्हात आपोआप वाळू दिलं की पिल्लांना शिरायला वेळ मिळतो. मग शॉवर आणि कोरडे कपडे. पक्ष्यांना पाव घालू नका, त्यामुळे ते काठाशीच राहतात.

किनाऱ्यावर जीवरक्षक नसतात. चारच्या मुलाला लाइफ जॅकेट वाळूत असल्यापासून घाला, पाण्यात उतरताना घालायचं म्हटलं की राहतं. तळ्यावर पेट्रोलच्या मोटरबोटींना बंदी आहे, त्यामुळे कयाक आणि कनू मजेत चालवता येतात. त्या तिथे भाड्याने मिळतात. सकाळीच घ्या. दुपारी वारा दरीतून सरळ येतो आणि परतताना वल्हं मारून दमायला होतं.

चुलाणं
जेवण. एक पौंडाचा प्रोपेनचा हिरवा डबा १०,००० बीटीयूच्या (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप, शेगडीवर लिहिलेलं असतं) एका बर्नरवर पूर्ण आचेवर साधारण दोन तास चालतो. आठ जण, दोन दिवस, दोन वेळचा चहा: तीन डबे न्या, चौथा गाडीत. कुकरला शिट्टी होत नाही ही तक्रार नेहमीची. दोष गॅसचा नसतो, वारा आच पळवतो. शेगडीचे पत्रे उभे करा, पाठ वाऱ्याकडे करा, पण डब्याभोवती काही गुंडाळू नका, तो तापता कामा नये. मोठा कुकर एका बर्नरवर ठेवला की दुसरा झाकला जातो, म्हणून तीन लिटरचा आणा आणि दोनदा लावा. डाळ निघतानाच भिजत घाला. कांदा-खोबऱ्याचं वाटण घरी परतून गोठवून आणलंत तर कूलरमध्ये बर्फाचंही काम करतं. पहिल्या रात्री शेगडी लावूच नका, दशम्या आणि चटणी.

झोपण्याआधी सगळं खाणं गाडीत, कूलरसुद्धा. रॅकून कूलरचं झाकण सहज उघडतो. टूथपेस्टही तंबूत नको.

लाकूड घरून आणू नका. दहा मैलांच्या आतलं किंवा प्रमाणित शिक्क्याचंच चालतं, कारण अ‍ॅशची झाडं मारणारी कीड लाकडातून पसरते. रात्री ११ नंतर शांतता पाळायची असते, गप्पा हळू आवाजात.

रानवाटा
गोचिडी राहिल्या. लाइम नावाचा (पुरळ आणि ताप आणणारा) रोग पसरवणारी काळ्या पायांची गोचीड या भागात भरपूर, आणि जुलैतली पिल्लं खसखशीएवढी असतात. बूट आणि पँटवर ०.५ टक्के परमेथ्रिन (कपड्यांवर मारायचं कीटकनाशक) आदल्या दिवशी मारून पूर्ण वाळवा, अंगावर नाही. रोज संध्याकाळी आंघोळीच्या वेळी मुलांचे गुडघ्यामागचे भाग, काखा, कमरेची रेघ, कानामागे आणि केसांत बोटं फिरवून तपासा. चिकटलेली दिसली तर टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. पिळायची नाही, तेल-व्हॅसलिन लावायचं नाही. साधारणपणे २४ तासांच्या आत निघाली तर लाइमचा धोका फारच कमी. ती झिप पिशवीत टाकून तारीख लिहून ठेवा, पुढे पुरळ किंवा ताप आला तर डॉक्टरांना सांगता येईल.