उदास असणं आणि नैराश्य

नैराश्याबद्दल एकांनी विचारलंय, लॉकडाऊनमध्ये सगळेच उदास होते, मग त्याला आजार कशाला म्हणायचं? रास्त शंका आहे. पण नैराश्य तपासायच्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत नऊ लक्षणं विचारून झाली की शेवटी आणखी एक प्रश्न येतो: या त्रासामुळे काम करणं, घरचं बघणं, माणसांशी जमवून घेणं किती अवघड झालंय? माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. आंघोळ दुपारपर्यंत टळते, फोन वाजत राहतो, कुकर लावायचाही कंटाळा येतो, आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या २०२१च्या अंदाजानुसार २०२० साली जगभरात नैराश्याचे सुमारे ५.३ कोटी रुग्ण वाढले. एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून? इथे मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांच्या गटाचं महामारीआधीचं गोव्यातलं काम आठवतं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णांना छोटी छोटी कामं पुन्हा सुरू करायला लावली. गुण आला, आणि वर्षभर टिकलाही. लॉकडाऊनने नेमकी हीच कामं काढून घेतली होती, हे (निदान मला) पटतं.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.