आईचं अपेंडिक्स काढलं आणि रिपोर्टमध्ये कॅन्सर आलाय, पुढे काय करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून विचारतेय. आई ५७ वर्षांची, कराडजवळ गावी असते. तीन आठवड्यांपूर्वी रात्री पोटात उजवीकडे खाली जोरात दुखायला लागलं, ताप, उलट्या, सोनोग्राफीत अपेंडिक्स सुजलेलं दिसलं आणि लगेच दुर्बिणीने ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी घरी आली, सुटलो म्हणून आम्ही गणपतीला नारळ फोडला. मग बायोप्सीचा रिपोर्ट आला, अपेंडिक्सच्या बुडाशी कापलेल्या कडेपर्यंत कॅन्सरच्या पेशी. कोलोनोस्कोपी केली तर मोठं आतडं जिथे सुरू होतं तिथे, सीकमला गाठ. त्या गाठीनेच अपेंडिक्सचं तोंड बुजलं आणि ते सुजलं असं डॉक्टर म्हणाले. सीटीत लिव्हर, फुफ्फुसं साफ आहेत.

मला एकच गोष्ट सलतेय. वर्षभर आईचं हिमोग्लोबिन ८ च्या आसपास, जिना चढताना दम लागायचा, आणि उपवास फार करते म्हणून असेल असं धरून आम्ही लोहाच्या गोळ्या देत राहिलो. पाळी जाऊन सहा वर्षं झालेल्या बाईचं रक्त जातंय कुठे, हे कुणी विचारलंच नाही, मीसुद्धा नाही.

आता उजव्या बाजूचं आतडं काढायचं म्हणतायत. महिनाभरात दुसरं ऑपरेशन झेपेल का? इथेच करावं की मुंबईला टाटाला न्यावं, त्यात वेळ गेला तर? आईला अजून 'आतड्याला सूज आहे' एवढंच सांगितलंय, बाबा म्हणतात सांगू नका.

प्रतिसाद:
ताई, आमच्या वडिलांचं २०१९ ला अगदी असंच झालं. पाच आठवड्यांनी दुसरं ऑपरेशन केलं, झेपलं त्यांना. आधी लॅबमधून स्लाइड्स आणि ब्लॉक (काढलेल्या अपेंडिक्सचे मेणात जपलेले तुकडे) मागून घ्या, मोठ्या ठिकाणी गेलात तर ते पुन्हा तपासतातच. त्याच ब्लॉकवर एमएमआर टेस्ट होते, घराण्यात चालत येणारा प्रकार असण्याची शक्यता आहे का त्याचा अंदाज येतो. सीईए ही रक्ताची तपासणी ऑपरेशनच्या आधी करून घ्या. कॅन्सरची ऑपरेशनं नेहमी करणारा सर्जन बघा, आतड्यासोबत निदान १२ लिम्फ नोड (आतड्याजवळच्या बारीक ग्रंथी) तपासले गेले पाहिजेत, किमोचं बरंचसं त्यावर ठरतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतंय का तेही विचारा. आणि आईला सांगा हो. आमच्या वडिलांना ऑपरेशनच्या फॉर्मवर सही करताना वाचून कळलं, तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

प्रतिसाद:
दादा, खूप आभार. ब्लॉक उद्या मिळतायत. आईला आज रात्री मीच सांगते, बाबांशी बोलले. हिमोग्लोबिन वाढवायला शिरेतून लोह देतात ना, त्यासाठी ॲडमिट करावं लागतं का? आणि मी ३८ ची आहे, भाऊ ३५ चा, आम्ही कोलोनोस्कोपी आत्ताच करावी की एमएमआरचा रिपोर्ट येईपर्यंत थांबावं?