मुकुटाखालचा 'एन' म्हणजे कापोदिमोंते नव्हे

चिनीमातीच्या एका कपाच्या बुडाशी मुकुटाखाली 'एन' अशी खूण दिसली, म्हणून कुणीतरी तो थेट १८व्या शतकातला कापोदिमोंते, म्हणजे नेपल्सच्या त्या नावाच्या चिनीमाती कारखान्यातला, ठरवलाय. घाई होतेय. त्या कारखान्याची (१७४३–५९) खूण लिलीचं फूल. मुकुट-एन नंतरच्या नेपल्सच्या राजकारखान्याचा, आणि १९व्या-२०व्या शतकात तो इटलीत, जर्मनीत कित्येकांनी बिनदिक्कत वापरला. त्यामुळे नुसत्या खुणेला फारशी किंमत नाही.

बुडाशी देशाचं नाव इंग्रजीत असेल तर वस्तू बहुधा १८९१नंतरची. अमेरिकेच्या आयात कायद्याने ते सक्तीचं झालं.

मग दहापट भिंग घ्या, उजेड तिरपा पाडा. खुणेशेजारी झिलईत (वरच्या काचेसारख्या थरात) मंद, घासलेला डाग दिसला तर जुनी खूण खरवडलेली असू शकते. नखाला उंचवटा लागला तर खूण झिलईवरची, म्हणजे नंतरही मारता येण्यासारखी.