मदत हवी आहे: सेकंडहँड फिशटँकच्या काचेवरचे चरे घालवता येतात का?

ओळखीतल्या एका कुटुंबाची बदली झाली, म्हणून त्यांचा तीन फुटी टँक (३६ × १५ × १८ इंच, ८ मिमी काच) स्टँडसकट स्वस्तात मिळाला. गळत नाही, सिलिकॉनचे जोडही चांगले आहेत. अडचण समोरच्या काचेची. बाहेरून बारीक, गोल फिरलेले चरे आहेत, बहुतेक भांड्यांच्या घासणीचे. आतून वाळूच्या पातळीजवळ दोन-तीन आडवे ओरखडे आहेत आणि त्यातल्या एकात नख अडकतं. शिवाय वरच्या बाजूला एक पांढुरका पट्टा आहे, तो चरा की डाग, कळत नाही.

यूट्यूबवर कुणी टूथपेस्ट सांगतं, कुणी गाडीच्या हेडलाइटचं पॉलिश किट, कुणी सेरियम ऑक्साईड (काच पॉलिश करायची पावडर). टूथपेस्टने काचेला पुदिन्याचा वास आला, बाकी काही नाही. घरच्या ड्रिलवर सेरियम कुणी वापरलंय का? की समोरची काचच बदलून घ्यावी? दुकानदार म्हणतो नवीन टँक घ्या. तो तेच म्हणणार म्हणा.

काचवाला_नाशिक:
हेडलाइटचं किट विसरा, ते प्लास्टिकसाठी असतं. त्यातल्या पॉलिश पेपरने काच अजून धुरकट होईल.

सेरियम ऑक्साईड मात्र खरंच काम करतं. पावडर पाण्यात कालवून दाटसर करायची आणि ड्रिलला फेल्टचं पॅड लावून कमी वेगाने फिरवायचं. काच सतत ओली हवी, कारण एका जागी तापली तर तडकते. कोरडी पावडर नाकात जाऊ देऊ नका. तुमचे बाहेरचे बारीक चरे जातील, पण वेळ भरपूर लागतो. नख अडकणाऱ्या चऱ्याच्या नादी लागू नका. तेवढी खोल काच घासली की तिथे खळगा होतो आणि त्यातून मासा लांबट-आखूड दिसायला लागतो. चरा परवडला.

गप्पीप्रेमी:
पॉलिशच्या आधी टँक भरून बघा की! आतले चरे पाण्याने भरले की बरेचसे फिके पडतात. काचेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) साधारण १.५, पाण्याचा १.३३, हवेचा १. चऱ्यात हवेऐवजी पाणी असलं की प्रकाश तेवढा विखुरत नाही. बाहेरच्या चऱ्यांना ही सवलत नाही, म्हणून घासायचं तर बाहेरूनच घासा.

पांढरा पट्टा बोअरच्या पाण्याचा क्षार असणार. व्हिनेगरमध्ये भिजवलेला टिश्यू त्यावर चिकटवून तासभर ठेवा.

धागाकर्ता:
पट्टा गेला! म्हणजे तो डागच होता. गॅलरीत टँक भरूनही बघितला. आतले ओरखडे समोरून जवळपास दिसत नाहीत, पण बाजूने लाइट लावला की तो खोल चरा चमकतो. त्याने काच कमजोर तर झाली नसेल ना? भरल्यावर दीडशे लिटर पाणी आहे, खालच्या मजल्यावर लोक राहतात.

काचवाला_नाशिक:
नुसता ओरखडा असेल तर सहसा काही होत नाही. पण तो काचेच्या कडेपर्यंत गेलाय का, किंवा लांबी वाढतेय का, ते बघा. तसं असेल तर तो तडा समजा आणि काच बदला. तसं नसेल तर काच बदलण्यात अर्थ नाही. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढल्याशिवाय नवीन नीट धरत नाही, आणि कारागिराने घाई केली तर आज न गळणारा टँक गळायला लागेल.

गप्पीप्रेमी:
मागची काच स्वच्छ आहे ना? मग टँक रिकामा करून सरळ फिरवा. चऱ्यांची बाजू भिंतीकडे आणि तिला बाहेरून काळा कागद. टँकखाली सपाट थर्माकोल घाला.

आणि काच आतून घासायचा चुंबकाचा क्लीनर सोबत आला असेल तर वाळूपासून चार बोटं वरच थांबवा. वाळूचा कण काचेपेक्षा कठीण असतो. खालच्या भागासाठी जुनं एटीएम कार्ड पुरतं.

धागाकर्ता:
फिरवायचं डोक्यातच आलं नव्हतं! मागच्या काचेवर शेवाळाचे वाळलेले ठिपके तेवढे आहेत, ते ब्लेडने निघतायत. रविवारी भावाला बोलावतो, एकट्याने उचलायचं काम नाही.