ताडोबा: गर्दीचं गेट की शांत गेट? तुमचे अनुभव लिहा

एप्रिलमधे आईबाबांना घेऊन ताडोबाला जायचंय. ज्याला विचारावं तो म्हणतो मोहर्ली नाहीतर कोलारा, वाघ तिथेच दिसतो. पण मागच्या वर्षी एका नावाजलेल्या गेटने गेलो होतो तर वाघीण दिसली हे खरं, पण दोन्ही बाजूंनी मिळून पंधरा-सोळा जिप्सी (सफारीच्या उघड्या गाड्या), आणि तिला रस्ता ओलांडायचा होता. पाऊल टाकलं, मागे घेतलं, परत टाकलं, परत मागे. शेवटी वळून बांबूत गेली. आमचीही जिप्सी त्या रांगेत होती, फार वाईट वाटलं. म्हणून विचारतोय, तुम्ही काय करता?

—

आम्ही दोनदा झरीने गेलो. हे गेट ताडोबाच्याच कोळसा नावाच्या रेंजला लागतं, तिकडे जंगल दाट आणि डोंगराळ, त्यामुळे वाघ पटकन दिसत नाही हे आधीच धरून चाला. पण सकाळच्या अख्ख्या फेरीत आम्हाला तीनच गाड्या भेटल्या. मोहाखाली अस्वल फुलं खात होतं, गाईडने इंजिन बंद करायला लावलं तर त्याचा चपचप आवाज ऐकू येत होता. वीस मिनिटं आम्ही आणि ते, बस. मोठ्या गेटवर एवढा वेळ कोण थांबू देतं, मागचा ड्रायव्हर लगेच पुढे व्हा म्हणतो.

—

मी जरा उलट सांगते. सासूबाई पहिल्यांदाच येत होत्या, गुडघे दुखतात, परत येणं होईल की नाही माहीत नाही. त्यांना मोहर्लीनेच नेलं. गेटजवळच मुक्काम, पहाटेची धावपळ नाही, आणि तेलिया तलावाच्या पाण्यावर वाघ दिसला. त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की वळ उठले. मला गर्दीची काहीच तक्रार नाही. फक्त शनिवार-रविवार टाळा, आणि मंगळवारी कोअर (जंगलाचा आतला मुख्य भाग) बंद असतो हे बघूनच बुकिंग करा.

—

फक्त वाघ नको असेल तर नागझिऱ्याला जा ना! पिटेझरी गेटने. तळ्याकाठी नुसतं बसलात तरी दिवस जातो. माझी सात वर्षांची मुलगी तिथे सांबराचा कॉल, म्हणजे वाघ-बिबट्याची चाहूल लागली की ते देतं ती हाक, ओळखायला शिकली, आता घरी कुठेही खट्ट झालं की "आई, कॉल!"

—

गर्दीचा त्रास आपल्यापेक्षा जनावराला जास्त होतो हे आधी लक्षात घेऊ या. २०२४ च्या अखेरीस उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात जिप्सींनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली होती, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. मी आता बसतानाच ड्रायव्हरदादांना सांगतो की दादा, दहा गाड्या दिसल्या तर आपण वळायचं, वाघ नाही दिसला तरी टिप तेवढीच. ते खूश होतात, कारण वाघ दाखवायचं टेन्शन त्यांनाच सगळ्यात जास्त असतं.

—

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना सगळं वाचून दाखवलं. बुधवारी सकाळी झरी आणि गुरुवारी दुपारी मोहर्ली असं बुक केलंय. आई म्हणते मला ते मोहाखालचं अस्वल हवं.