टोकन घेऊन प्रचार करणारा ‘गुंतवणूकदार’ ठरतो का?

अक्षरवेल
नमस्कार मंडळी. एका शब्दापाशी अडले आहे आणि निर्णय लवकर हवा आहे. ओळखीतल्या काही कॉलेजच्या मुलांनी एका नव्या क्रिप्टो टोकनचा, म्हणजे इंटरनेटवरच्या आभासी नाण्याचा, प्रचार केला. कंपनीची पोस्ट रोज आपल्या खात्यावरून पुढे पाठवायची, टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये माणसं आणायची, मराठीत छोटे व्हिडिओ करायचे, असं काम. प्रत्येक कामाला ठरावीक टोकन. याला ते ‘बाउंटी’ म्हणतात. कुणी काय केलं याची नोंद एका ऑनलाइन तक्त्यात व्हायची आणि त्या तक्त्यात प्रत्येकाच्या नावापुढच्या रकान्याचं शीर्षक होतं ‘स्टेक्स’. टोकन कुणालाच मिळाले नाहीत. विचारलं की कंपनीचं ठरलेलं उत्तर येतं: ‘आमच्या सुरुवातीच्या गुंतवणूकदारांनी धीर धरावा, गुंतवणुकीत जोखीम असतेच.’

आता तक्रार अर्ज भरायचा आहे. छापील नमुन्यात पहिला रकाना ‘गुंतवणूकदाराचे नाव’ आणि तिसरा ‘गुंतवलेली रक्कम’. एका मुलाने तिसऱ्या रकान्यात शून्य लिहून अर्ज माझ्यापुढे ठेवला. शून्य गुंतवून माणूस गुंतवणूकदार होतो का? होत नसेल तर या मुलांना म्हणायचं काय?

भीमाकाठ
पदरचं काही घातलं नाही तर गुंतवणूकदार कसला? काम केलं, मजुरी बुडाली. एवढंच लिहा.

निळासूर
भीमाकाठ, इतक्यात निकाल देऊ नका. अमेरिकेत नेमका हाच प्रश्न आला होता आणि उत्तर तुमच्या उलट गेलं. टॉमाहॉक एक्स्प्लोरेशन नावाच्या कंपनीने २०१७ मध्ये ‘टॉमाहॉककॉइन’ काढलं. कॅलिफोर्नियातल्या कर्न काउंटीत तेलाच्या विहिरी खोदायला पैसा उभा करायचा होता. टोकनच्या विक्रीतून काही हाती लागलं नाही, पण बाउंटी म्हणून ८०,००० हून अधिक टोकन साधारण ४० वॉलेटधारकांना, म्हणजे टोकन ठेवायचं डिजिटल पाकीट असणाऱ्यांना, वाटले गेले. कामं तीच: ट्विटर-फेसबुकवर लिहिणं, व्हिडिओ आणि चित्रं करणं, टोकनची नोंदणी करा म्हणून एक्स्चेंजांकडे, म्हणजे टोकनच्या खरेदी-विक्रीच्या बाजारांकडे, मागणी करणं. एका कामाला १० पासून ४,००० पर्यंत टोकन.

अमेरिकेच्या सेक, म्हणजे तिथल्या रोखे (शेअर, बाँड वगैरे) नियामकाने, ऑगस्ट २०१८ मध्ये आदेश काढला. पैसे घेतले नाहीत म्हणून टोकन फुकट दिले असं होत नाही. कंपनीला बदल्यात प्रचार मिळाला, बाजार तयार व्हायला मदत मिळाली. म्हणून हे वाटपसुद्धा रोख्यांची विक्रीच, असं त्यात म्हटलं आहे. विक्री झाली म्हणजे समोर घेणारा आला. रोखे घेणाऱ्याला आपण गुंतवणूकदारच म्हणतो ना? मला तरी ही मुलं गुंतवणूकदार वाटतात. त्यांनी पैशाऐवजी श्रम घातले, इतकाच फरक.

सह्याद्रीपार
निळासूर, टॉमाहॉकचा आदेश तुम्ही बरोबर सांगितलात, पण शेवटच्या दोन वाक्यांत उडी मारलीत. त्या आदेशाचा रोख कंपनीवर होता. नोंदणी न करता रोखे विकलेस, एवढं सिद्ध करायला ‘बदल्यात तुला काहीतरी मोलाचं मिळालं’ हे दाखवलं की पुरतं. घेणाऱ्याला काय म्हणायचं, हा निराळा प्रश्न. त्यावर अमेरिकेच्या न्यायालयांत बराच काथ्याकूट झालेला आहे आणि या मुलांच्या कामाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मूळ खटला १९४६ चा, हाऊई कंपनीचा. फ्लोरिडातल्या संत्र्यांच्या बागांचे पट्टे लोकांना विकायचे, बाग कंपनीनेच सांभाळायची आणि नफा पट्टेवाल्यांना द्यायचा, असा व्यवहार. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा कसोटी घालून दिली: पैसा गुंतवलेला हवा, उपक्रम सामाईक हवा आणि दुसऱ्याच्या खटपटीतून नफा मिळण्याची अपेक्षा हवी. क्रिप्टोवरचा तिथला जवळपास प्रत्येक वाद याच कसोटीशी येऊन थांबतो.

पण आपल्या प्रश्नाच्या जवळचा खटला आहे १९७९ चा. जॉन डॅनियल नावाचा शिकागोचा ट्रकचालक. साडेबावीस वर्षं नोकरी केली. पेन्शनसाठी २० वर्षं सलग सेवा लागत होती आणि याला मधे काही महिने कामावरून कमी केलं होतं. तेवढ्या खंडावर बोट ठेवून पेन्शन नाकारली. त्याने दावा लावला की पेन्शन फंडातला माझा वाटा ही माझी गुंतवणूक होती आणि तिच्याबाबत मला फसवलं. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. कामगार आपले श्रम विकतो ते मुख्यतः पोटासाठी, गुंतवणूक करायची म्हणून नव्हे, असं न्यायालय म्हणालं. त्याच निकालाच्या एका तळटीपेत मात्र हेही स्पष्ट केलं की गुंतवणूक रोख पैशातच व्हायला हवी असं काही नाही, ती माल किंवा सेवेच्या रूपातही होऊ शकते.

म्हणजे श्रम गुंतवणूक ठरूच शकत नाहीत असं भीमाकाठ म्हणतील तर ते टिकत नाही, आणि श्रम घातले की आपोआप गुंतवणूकदार झाला असं निळासूर म्हणतील तर तेही टिकत नाही. माणसाने ते श्रम कशासाठी दिले, ते बघावं लागतं.

त्यानंतरचा एक निकाल जुलै २०२३ चा, रिपल या क्रिप्टो कंपनीचा. कर्मचाऱ्यांना पगाराचा भाग म्हणून आणि बाहेरच्या विकासकांना मोबदला म्हणून दिलेले एक्सआरपी टोकन ही गुंतवणूक नाही, असं न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायालयाने ठरवलं. घेणाऱ्यांनी रिपलला पैसा किंवा तसं ठोस, मोजता येणारं काही दिलं नव्हतं, हे कारण. टॉमाहॉकच्या आदेशाशी हे सरळ जुळत नाही. माझं मत रिपलच्या बाजूने झुकतं, कारण काम करून मोबदला घेणाऱ्याला गुंतवणूकदार म्हटलं तर ज्याने खरोखर जमवलेला पैसा घातला त्याच्यासाठी शब्दच उरत नाही.

अक्षरवेल
सह्याद्रीपार, तळटीपेचा मुद्दा फार उपयोगी आहे. पण आपण मराठीत अर्ज लिहितोय. मराठी ‘गुंतवणूक’ श्रमांना लागू होते का?

शब्दवेडी
अक्षरवेल ताई, माझ्या मते होत नाही, आणि कारण क्रियापदातच आहे. दोरा गुंततो, जनावराचा पाय गुंततो, जीव गुंततो. जे गुंततं ते कधीतरी सुटेल, निदान सोडवता येईल, ही अपेक्षा त्यात आहेच. पैशाबद्दल आपण हीच भाषा वापरतो: ठेवीत पैसे गुंतवले, मुदत संपल्यावर मोकळे झाले, सौदा फसला की पैसे अडकले. अडकलेला असला तरी पैसा माझाच असतो, म्हणून तर मी तो परत मागते.

श्रमांचं तसं नाही. कष्ट करतो, मेहनत घेतो, घाम गाळतो, वेळ देतो किंवा घालवतो. ‘मी कष्ट गुंतवले’ असं माझ्या कानावर कधी आलेलं नाही. ‘स्वतःमध्ये वेळ गुंतवा’ हे अलीकडे व्याख्यानांतून ऐकू येतं, पण बोलण्यात अजून मुरलेलं नाही. केलेलं काम मोकळं करून परत घेता येत नाही. त्याचा मोबदला मिळतो किंवा बुडतो. ही मुलं त्यांचे व्हिडिओ परत मागत नाहीयेत, व्हिडिओचे ठरलेले टोकन मागताहेत.

तक्त्यातला तो ‘स्टेक्स’ शब्दही मला खटकला. कानाला मोठा हिस्सा असल्यासारखा वाटतो. काम मात्र हजेरीपटाचं करतो.

भीमाकाठ
आमच्याकडे अर्धेलीने जमीन कसणारा असतो. पीक बुडालं तर त्याचाही हंगाम वाया जातो, म्हणजे जोखीम तोही घेतो. तरी त्याच्या राबण्याला कुणी गुंतवणूक म्हणत नाही. बियाणं-खत निम्मं त्याने आणलं असेल तर तेवढ्याला मात्र ‘त्याचे पैसे गुंतलेत’ म्हणतात. शब्दवेडी यांचं म्हणणं पटलं.

हिशेबवही
मी करसल्लागार आहे. टोकन मिळाले असते तर काय, ते सांगते. २०२२ च्या वित्त कायद्याने ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ ही संज्ञा आणली. अशी मालमत्ता विकून झालेल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर. त्यातून फक्त खरेदीची किंमत वजा होते, बाकी खर्च नाही, एकातला तोटा दुसऱ्यातून वळता करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या वेळी १ टक्का कर कापलाही जातो. हे सगळं बघताना ‘तू गुंतवणूकदार आहेस का’ असं कायदा विचारत नाही. टोकन विकणारा कोणीही असो, नियम तोच. शिवाय कामापोटी मिळालेले टोकन हातात येतात तेव्हाच त्या दिवशीच्या किमतीइतकं उत्पन्न झालं असं आम्ही धरतो, जसं मानधनाचं धरतो.

युरोपीय संघाने तर २०२३ च्या क्रिप्टो नियमावलीत ठिकठिकाणी ‘धारक’ असा शब्द वापरला आहे. तिथे फुकट वाटलेल्या टोकनला बरीच सूट आहे. पण घेणाऱ्याकडून वैयक्तिक माहिती मागितली किंवा पैशाबाहेरचा कसलाही फायदा घेतला, तर ते वाटप ‘फुकट’ धरत नाहीत. आपल्याकडे ‘टोकनधारक’ शब्द तयार आहे, तो वापरावा. अट एवढीच की टोकन हातात आलेले असावेत.

निळासूर
धारक चांगला शब्द आहे, मानलं. पण एका व्यावहारिक गोष्टीचा विचार करा. आपल्याकडे ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. त्यात मालमत्ता जप्त करून पैसे परत देण्याची सोय आहे. मुलांना ‘गुंतवणूकदार’ लिहिलं तर त्या वाटेने काही मिळेल. मजूर लिहिलं तर कोण विचारणार?

सह्याद्रीपार
तुमची कळकळ समजते, पण ती वाट इथे बंद आहे. त्या कायद्यात ‘ठेव’ची व्याख्या खूप रुंद आहे, तरी तिच्यात पैसा स्वीकारणं किंवा मौल्यवान वस्तू स्वीकारणं एवढंच येतं. पोस्ट आणि व्हिडिओ त्यात बसवता येणार नाहीत. आणि खोटी रक्कम लिहिली तर समोरचा वकील तोच कागद धरून सगळा अर्ज पाडेल.

कृष्णाघाट
मला दुसऱ्या टोकाकडून बोलायचं आहे. या मुलांनी ग्रुपमध्ये आणलेल्या माणसांचं काय? त्यांतल्या कुणी खरे पैसे घातले असतील तर गुंतवणूकदार ते. आणि त्यांना ‘मीही यात गुंतवणूक केली आहे’ असं सांगून आणलं असेल, तर तिथे हा शब्द नुसता चुकीचा नाही, घातक आहे. स्वतःचा पैसा घातलेला माणूस आणि बोलण्याचे टोकन घेणारा माणूस यांच्या शब्दाला ऐकणारा वेगवेगळं वजन देतो.

पुण्यात गुन्हे दाखल झालेलं गेनबिटकॉइन प्रकरण आठवा. दरमहा १० टक्के, १८ महिने, असं आमिष होतं. पुढे बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचं टोकन हातावर ठेवलं. माणसाने माणूस आणायचा, अशी त्याची रचना होती. अशा रचनेत आणणारा आणि फसलेला एकाच यादीत ‘गुंतवणूकदार’ म्हणून बसले की कमिशन कुणी खाल्लं हे झाकलं जातं.

म्हणूनच मोबदला घेऊन बोलणाऱ्याने तसं सांगितलंच पाहिजे, असा नियम ठिकठिकाणी आहे. अमेरिकन टीव्हीतारका किम कार्दाशियनने २,५०,००० डॉलर घेऊन एका टोकनची पोस्ट केली आणि पैसे घेतल्याचं सांगितलं नाही. २०२२ मध्ये सेकशी तडजोड करताना तिला १२ लाख ६० हजार डॉलर भरावे लागले. तिला कुणी गुंतवणूकदार म्हटलं नाही. आपल्याकडेही जाहिरात मानक परिषदेने १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या जाहिरातींना जोखमीची सूचना सक्तीची केली. मुलांनी व्हिडिओत ती घातली होती का, हे विचारून घ्या, ताई. अर्जाआधी त्यांना हे माहीत असायला हवं.

अक्षरवेल
विचारलं. नव्हती. दोघांनी ‘मी स्वतः घेतले आहेत’ असंही म्हटलं होतं, कारण कंपनीने पाठवलेल्या मजकुरात तसंच होतं. ते व्हिडिओ त्यांनी काढायला घेतले, पण मी थांबवलं. आधी प्रती जपून ठेवा, मग काढा, आणि ग्रुपमधल्या लोकांना खरं काय ते कळवा, असं सांगितलं आहे.

आता शब्द. टोकन मिळालेले नाहीत, तेव्हा ‘टोकनधारक’ही लिहिता येत नाही. मग?

शब्दवेडी
बँकेच्या कागदांत ‘धनको’ आणि ‘ऋणको’ असतात. ज्याचं येणं आहे तो धनको. अर्थाने चपखल बसतो.

भीमाकाठ
अर्ज वाचणाऱ्याला वाटेल, पोरांनी कर्ज दिलं. ‘मोबदला येणे बाकी असलेले’ असं लिहा. लांब आहे, पण कुणालाही कळतं.

सह्याद्रीपार
भीमाकाठांशी सहमत. आणि यातून कंपनीच्या त्या उत्तरातली हवाही जाते. गुंतवणुकीत तोटा आला तर तो गुंतवणाऱ्याने सोसायचा, हे सगळ्यांना मान्य असतं. मजुरीचं तसं नसतं. धंदा बुडाला तरी केलेल्या कामाचे पैसे मालकाला द्यावेच लागतात. मुलांना ‘गुंतवणूकदार’ म्हणण्यात कंपनीचा सगळा फायदा आहे तो इथे.

अक्षरवेल
मग असं लिहिते: ‘गुंतवणूकदाराचे नाव’ यातला पहिला शब्द खोडून ‘अर्जदाराचे नाव’. ‘गुंतवलेली रक्कम: लागू नाही. केलेले काम: सोबतच्या यादीप्रमाणे. ठरलेला मोबदला: यादीतील टोकन, येणे बाकी.’ सोबत त्या तक्त्याचे स्क्रीनशॉट.

एक अडचण राहिली. एका मुलाने ‘टोकन मोकळे करण्याचं शुल्क’ म्हणून कंपनीला यूपीआयने पाच हजार भरले आहेत. त्याचे गुंतवणुकीत धरू का?

हिशेबवही
नको. नफ्यासाठी घातलेले नाहीत, स्वतःचीच मजुरी सोडवायला भरलेत. ‘शुल्काच्या नावाखाली घेतलेली रक्कम’ असं स्वतंत्र लिहा, तारीख आणि व्यवहार क्रमांकासह. आणि त्या मुलाचा अर्ज वेगळा करा. बाकीच्यांचा मोबदला बुडालाय, याच्या खात्यातून पैसेही गेलेत.